‘कॅन्सर नाही, पण होऊ शकतो’ : या वाक्यानंतर रुग्णाला काय सांगायला हवे?

विदर्भात राहणारा माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेला आणि हातात एक चिठ्ठी घेऊन परतला. चिठ्ठीवर इंग्रजीत चारच गोष्टी होत्या : आजाराच्या नावाची आद्याक्षरे, ‘ग्रेड तीन’, ‘माउथ ओपनिंग २२ एमएम’ आणि ‘खर्रा बंद’ (खर्रा म्हणजे सुपारी आणि तंबाखूचे मिश्रण). तोंडी सांगितले गेले ते एवढेच की, हा कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. रात्री त्याने मला फोन केला आणि दबक्या आवाजात विचारले, ‘‘दादा, ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेजच ना?’’ तसे मुळीच नव्हते. तोंड किती उघडते यावरून केलेली ती वर्गवारी होती आणि कॅन्सरच्या टप्प्यांशी तिचा काही संबंध नव्हता. पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही तेव्हा ठामपणे सांगता आले नाही. ठरलेल्या तारखेला तो गेला नाही. तिसऱ्या टप्प्यात काही उपाय उरत नाही, असे त्याने ऐकले होते आणि उपायच नसेल तर खर्रा तरी कशाला सोडायचा, असा त्याचा हिशेब होता. असे पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी होती ती माहिती कोणती, ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत द्यायला हवी होती, हे या लेखात मांडायचे आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि भारतीय पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. यांतील अनेकांच्या तोंडात आधी काही वर्षे एखादा चट्टा किंवा आखडलेपणा होता. म्हणजे माहिती पोहोचवायला वेळ हाताशी असतो. तो बहुधा समजुतीच्या घोळात निघून जातो.

आधी नावाचा घोळ सोडवू

या आजारांना सर्रास ‘प्री-कॅन्सर’ किंवा ‘कर्करोगपूर्व अवस्था’ म्हटले जाते. यातल्या ‘पूर्व’ या शब्दानेच पहिली भीती घातली जाते. मान्सूनपूर्व सरी आल्या की त्यांच्यामागून मान्सून येतोच, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यामुळे ‘कर्करोगपूर्व’ ऐकताच मन पुढचा कर्करोग गृहीत धरते. तोंडातील या अवस्थांच्या बाबतीत हे गृहीतक चुकीचे आहे, कारण बहुतेक रुग्णांना कर्करोग कधीच होत नाही. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न तज्ज्ञांनी २००५ मध्ये लंडनमधील बैठकीत जुना शब्द बाजूला ठेवून ‘कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता असलेले विकार’ अशा अर्थाची संज्ञा सुचवली. ती अचूक आहे, पण बोलायला लांबलचक आहे, म्हणून मी या लेखात ‘जोखमीची अवस्था’ असे म्हणणार आहे.

‘जोखीम’ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. नदीकाठच्या जमिनीला पुराची जोखीम असते, म्हणून कोणी ती जमीन पडीक टाकत नाही. पावसाळ्यात पाण्याच्या पातळीवर नजर ठेवतो आणि पाणी एका खुणेच्या वर गेले की सामान हलवतो. त्यासाठी ती खूण कोणती, हे आधी कळलेले असावे लागते.

एकाच नावाखाली चार वेगळे आजार

महाराष्ट्रात सर्वाधिक ऐकू येणारा आजार म्हणजे तोंड आखडणे. वैद्यकीय भाषेत त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये १९५२ साली त्याची नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन केले. सुरुवातीला तिखट लागताच तोंडाची आग होते, गालाच्या आतली कातडी फिकट पडते, मग हळूहळू जबडा उघडेनासा होतो. अनेकांना हे पहिल्यांदा जाणवते ते पाणीपुरी तोंडात मावेनाशी झाल्यावर. निरोगी प्रौढ माणसाने तोंड पूर्ण उघडले की पुढच्या दातांमध्ये साधारण ३५ ते ५० मिलिमीटर अंतर पडते. एकावर एक धरलेली स्वतःचीच तीन बोटे आत जातात. मावसभावाच्या चिठ्ठीवरचा २२ हा आकडा याच अंतराचा होता.

हे का होते, हे समजायला कातडे कमावण्याची जुनी पद्धत आठवावी. बाभळीच्या सालीत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो; त्यात कातडे मुरवले की ते चिवट होते आणि कुजत नाही. सुपारीतही टॅनिन असते. सुपारीतील अ‍ॅरेकोलीन हा घटक गालाच्या कातडीखालील पेशींना जास्त तंतू तयार करायला लावतो, टॅनिन त्या तंतूंना चिवट करते आणि सुपारीतील तांबे त्यांना एकमेकांशी बांधणारी प्रक्रिया वाढवते. तंतू नेहमीपेक्षा जास्त तयार होतात, मोडायचे ते मोडत नाहीत आणि गालात दोरीसारखे ताणलेले पट्टे हाताला लागू लागतात. यावरून दोन गोष्टी कळतात, आणि दोन्ही रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हव्यात. पहिली गोष्ट अशी की, या आजाराला मुख्यतः सुपारी जबाबदार आहे; तंबाखू नसलेला पानमसाला, मुखवासातली गोड सुपारी, खर्रा, मावा, गुटखा या सगळ्यांत ती असते. दुसरी गोष्ट अशी की, कमावलेले कातडे जसे पुन्हा पहिल्यासारखे मऊ होत नाही, तसे हे पट्टे सुपारी सोडल्याने विरघळत नाहीत. मात्र आग कमी होते आणि आजाराची पुढची वाढ थांबण्याची किंवा मंदावण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरा आजार पांढऱ्या चट्ट्याचा, म्हणजे ल्युकोप्लाकिया. हा चट्टा खरवडून निघत नाही आणि दुसऱ्या कोणत्या आजाराने त्याचा उलगडा होत नाही. तंबाखूची गोळी जिथे ठेवली जाते, तिथे तो अनेकदा दिसतो. तिसरा लाल मखमली चट्ट्याचा, एरिथ्रोप्लाकिया. तो कमी आढळतो, पण सर्वांत गंभीर आहे. चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासला (यालाच बायोप्सी म्हणतात) असता त्यात अनेकदा तीव्र बदल किंवा प्रत्यक्ष कर्करोगच सापडतो. चौथा लायकेन प्लॅनस, ज्यात दोन्ही गालांवर जाळीसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीशी निगडित आहे आणि व्यसन नसलेल्या स्त्रियांनाही होतो. अशा बाईला ‘तंबाखू सोडा’ एवढेच लिहिलेली छापील चिठ्ठी दिली, तर तिच्या मनात काय येत असेल याचा विचार करावा.

‘होऊ शकतो’ म्हणजे किती?

रुग्णाच्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न हा आहे आणि त्याचे उत्तर देण्यात सर्वाधिक टाळाटाळ होते. उत्तर एका आकड्यात देता येत नाही हे खरे. पण आकडाच न दिल्यास रुग्ण आपल्या मनाने आकडा ठरवतो आणि तो बहुधा शंभर किंवा शून्य असतो.

केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात तोंड आखडलेल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील ७.६ टक्के हा आकडा आजही पाठ्यपुस्तकांत दिला जातो. ‘७.६ टक्के’ ऐकून सामान्य माणसाला काही बोध होत नाही. ‘तुमच्यासारख्या ६६ माणसांकडे सतरा वर्षे पाहिले, पाच जणांना झाला, एकसष्ट जणांना त्या काळात झाला नाही’, असे सांगितले की चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पांढऱ्या चट्ट्यांबद्दल अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता शंभरांतील साधारण दहा जण असे प्रमाण निघते, लायकेन प्लॅनसमध्ये ते शंभरांत एकाच्या आसपास आहे आणि लाल चट्ट्यांमध्ये सुमारे एकतृतीयांश. म्हणजे एकाच ‘होऊ शकतो’ या शब्दाखाली शंभरांतील एक आणि शंभरांतील तेहेतीस अशी दोन टोके दडलेली आहेत. तो शब्द तसाच रुग्णाच्या हाती देणे अन्यायाचे आहे, असे मला वाटते.

हे आकडे गटाचे आहेत, एका माणसाचे नाहीत, हेही सोबत सांगायला हवे. चट्टा सपाट व एकसारखा पांढरा आहे की मध्येमध्ये लाल आणि खडबडीत आहे, तो जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली आहे की गालावर, किती मोठा आहे, तुकड्याच्या तपासणीत काय दिसले, या सगळ्यावरून जोखीम वरखाली होते. वाचकांना खटकेल अशी एक गोष्ट म्हणजे, व्यसन नसलेल्या माणसाच्या तोंडातील पांढरा चट्टा हलका समजायचा नसतो. कारण सापडत नाही अशा चट्ट्यावर अधिक बारीक नजर ठेवावी लागते.

तुकडा काढला की पसरतो, असे म्हणतात ना?

गावोगावी ही समजूत आहे की, गाठीला किंवा चट्ट्याला लोखंड लागले की तो भडकतो. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे असे त्यांना वाटते, कारण अनेकदा तुकडा काढला जातो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो आणि त्यानंतर रुग्ण लवकर दगावतो. मग दोष तपासणीच्या माथी येतो. प्रत्यक्षात ज्या तुकड्याने आजार कळला, त्यामुळे तो वाढलेला नसतो. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, लागल्यास एकदोन टाके घालतात आणि जखम एक-दोन आठवड्यांत भरते. रुग्णाला आधी एवढे सांगितले आणि त्या दिवशी काय खावे, टाके कधी काढायचे, अहवाल किती दिवसांनी मिळेल हेही सांगितले, तर नकाराचे प्रमाण कमी होईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अहवालात एक शब्द येतो, डिसप्लेसिया. पेशींची घडी विस्कटणे, असा त्याचा अर्थ. तोंडाच्या आतल्या अस्तराला एक शेत समजा. खालून वर पिकाच्या रांगा नीट लागलेल्या असतात. तण खालच्या भागातच असेल तर बदल सौम्य, मधल्या भागापर्यंत आले असेल तर मध्यम आणि त्याहीवर माजले असेल तर तीव्र. या तिन्ही परिस्थितींत तण बांधाच्या आत आहे. बांध फोडून ते शेजारच्या रानात शिरले, म्हणजे पेशी अस्तराखालचा पडदा ओलांडून खोल गेल्या, की त्याला कर्करोग म्हणतात. ‘तीव्र’ या शब्दाने घाबरलेल्या माणसाला ‘बांध अजून शाबूत आहे’ असे कळले पाहिजे आणि ‘सौम्य’ वाचून निर्धास्त झालेल्याला ‘रान तेच आहे’ हेही कळले पाहिजे.

शेताच्या या दाखल्यातून आणखी एक अवघड प्रश्न सुटतो. ‘चट्टा कापून टाकला, मग आता कशाला यायचे?’ वर्षानुवर्षे तंबाखूचा रस फक्त चट्ट्याच्या जागेवर गेलेला नसतो, तो सगळ्या तोंडाला लागलेला असतो. एका कोपऱ्यातले तण उपटले तरी माती तीच राहते आणि दुसऱ्या कोपऱ्यात ते उगवू शकते. चट्टा काढल्याने तिथे दडलेले काही असेल तर ते सापडते, त्या जागेची जोखीम घटते. पण पुढे कर्करोग होणारच नाही, अशी हमी कोणत्याही उपचाराने मिळते असे आजवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेआधी हे सांगितले नसेल, तर चट्टा परत आल्यावर रुग्णाला आपली फसवणूक झाली असे वाटते आणि त्याचा विश्वास उडतो.

डॉक्टर सांगतात ते आणि रुग्णाला हवे असते ते

अशा रुग्णांना नेमकी कोणती माहिती हवी असते, याचा स्वतंत्र अभ्यास गेल्या काही वर्षांत सुरू झाला आहे. लंडनमधील ईस्टमन दंतसंस्थेतील संशोधकांनी पेशींची घडी विस्कटलेल्या रुग्णांच्या माहितीच्या गरजा मोजण्यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली. आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादचे. तिथे जोखमीच्या अवस्था असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींच्या आधारे जीवनमान मोजणारी प्रश्नावली तयार झाली आणि त्या मुलाखतींतून पुढे आलेल्या मुख्य विषयांत खाण्यापिण्याचा त्रास, मनाची अवस्था आणि उपचारांचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम यांच्या बरोबरीने निदानापर्यंत पोहोचण्यातली अडचण हाही होता. आग होते म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मग तोंडाला लावायचे मलम, मग दुसरा डॉक्टर, मग दंतवैद्य, असा हा प्रवास आपल्याकडच्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

रुग्णाचे प्रश्न ऐकले तर ते पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने येत नाहीत. हा कॅन्सर आहे का, हा पहिला. मला काय होणार, हा दुसरा. त्यानंतर लगेच घरचे प्रश्न येतात : माझ्या ताटात जेवल्याने मुलांना होईल का, बायकोला काय सांगू, मुलीच्या लग्नाच्या वेळी हे कळले तर, तिखट कायमचे सोडायचे का, कामावर सुट्टी किती पडेल, खर्च किती येईल. (संसर्गाच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे; या अवस्था एकमेकांच्या उष्ट्याने पसरत नाहीत. हे एक वाक्य न सांगितल्यामुळे कित्येक घरांत ताट-पेला वेगळा होतो.) डॉक्टरांचे बोलणे मात्र आजाराचे नाव, व्यसन बंद, औषध आणि पुढची तारीख या वाटेने जाते. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात, पण त्यांची गाठ पडत नाही.

काही वेळा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळेच माहिती हरवते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यावर सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणारी बाई अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मशेरी हे दात घासण्याचे साधन आहे. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तसेच ‘मी फक्त सुपारी खातो’ म्हणणाऱ्याचे. तंबाखू नसलेल्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ज्या फळाला आपण पूजेत गणपती मानून ठेवतो, त्याच्याबद्दल हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. पण पूजेची सुपारी आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांतला फरक लोकांना सहज कळतो, हा माझा अनुभव आहे.

‘व्यसन सोडा’ एवढे सांगितले की पुरे नाही का?

हा आक्षेप मी डॉक्टरांकडूनही ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे, कारण व्यसन सोडणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहेच. पण ‘सोडा’ म्हणणे आणि सोडण्यासाठी लागणारी माहिती देणे यांत अंतर आहे. पहिल्या काही दिवसांत चिडचिड होईल, झोप लागणार नाही, तलफ काही मिनिटे जोरात येऊन ओसरेल आणि काही आठवड्यांत तिचा जोर कमी होईल, हे आधीच माहीत असलेला माणूस तिसऱ्या दिवशी ‘मला जमणार नाही’ असे म्हणून हात टेकत नाही. सुपारीचीही सवय लागते, त्यामुळे तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर येणे म्हणजे सुटका नव्हे. व्यसन सोडवण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो चिठ्ठीवर लिहायला दहा सेकंद लागतात. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळकरी मुलालाही माहीत असते. म्हणून ‘बंदी आहे’ या भरवशावर समुपदेशन सोडून देता येत नाही.

नीट दिलेल्या माहितीने शरीरात फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्या ग्रामीण लोकांमध्ये एक प्रयोग केला. त्यात औषध नव्हते. प्रत्येकाशी व्यक्तिशः बोलणे आणि लोकांना रुचतील अशा माध्यमांतून तंबाखूचे परिणाम सांगणे, एवढाच उपाय होता. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली आणि एर्नाकुलममध्ये नव्याने होणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. बोलण्याचा परिणाम गालाच्या आतल्या कातडीवर दिसला, असा याचा अर्थ होतो. ‘वेळ होता तेव्हा थोडे समजावले’ अशा दुय्यम जागी आपण माहितीला ठेवले आहे. या अभ्यासानंतर तिला औषधांच्या यादीतच जागा द्यायला हवी होती.

सगळे सांगितले तर रुग्ण घाबरणार नाही का?

नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, ‘त्यांना कॅन्सरचे नाव नका काढू.’ यामागे माया असते. पण जोखमीच्या अवस्थेत हा सल्ला उलटा पडतो, कारण इथे संरक्षण रुग्णाच्या स्वतःच्या सवयींवर आणि नजरेवर अवलंबून असते. ज्याला धोक्याचा पत्ता नाही, तो आरशात तोंड का पाहील? शिवाय न सांगितल्याने भीती टळत नाही. मावसभाऊ पाच महिने भीतीतच होता आणि ती खऱ्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठी होती.

मात्र सगळ्यांना सगळे एकदम हवे असते, असेही नाही. काहींना आकडे हवे असतात, काहींना आज फक्त ‘हा कॅन्सर नाही’ एवढेच ऐकून घरी जायचे असते. म्हणून आधी विचारावे : ‘पुढे काय होऊ शकते हे आज सविस्तर ऐकायचे आहे, की पुढच्या वेळी बोलू?’ निवड रुग्णाची आहे आणि पुढच्या भेटीत ती पुन्हा विचारली गेली पाहिजे, कारण धक्का ओसरल्यावर तोच माणूस दहा प्रश्न घेऊन येतो.

डॉक्टरांकडे वेळ कुठे आहे, आणि मोबाइलवर सगळे मिळतेच

सरकारी दंत महाविद्यालयातील बाह्यरुग्ण विभागाची रांग ज्याने पाहिली आहे, तो वेळेचा मुद्दा नाकारणार नाही. पण दोन मिनिटांत काय सांगायचे, हे ठरलेले असेल तर दोन मिनिटेही बरीच असतात. हा कॅन्सर नाही. तुमच्यासारख्या बहुतेकांना तो होत नाही. सुपारी-तंबाखू सोडणे आणि तपासणीला येत राहणे या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. हा कागद घरी वाचा. एवढे झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा : ‘घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?’ रुग्ण आपल्या शब्दांत सांगू लागला की कुठे गैरसमज झाला ते तिथेच कळते. मावसभावाला हा प्रश्न विचारला असता, तर ‘तिसरी स्टेज’ हे शब्द दवाखान्यातच बाहेर पडले असते आणि तिथेच त्यांचा निकाल लागला असता.

मोबाइलवर माहिती मिळते, पण ती कोणाची आहे हे कळत नाही. तोंड आखडण्याबद्दल शोध घेतला की पहिल्या काही चित्रांत शेवटच्या टप्प्यातील कर्करोगाची छायाचित्रे येतात आणि त्यांच्या शेजारीच पंधरा दिवसांत तोंड उघडून देणाऱ्या चूर्णाची जाहिरात असते. एक भीती विकते, दुसरी आशा, आणि दोन्हींमध्ये तपासणीची तारीख निघून जाते. म्हणून आपल्या डॉक्टरांनी दिलेला, मराठीत लिहिलेला, मोठ्या अक्षरांतला एक कागद मला मोबाइलपेक्षा मोलाचा वाटतो. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच मजकूर आशाताईंनी वाचून दाखवता येईल. तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी त्या भरतात त्या अर्जात तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात बरा न होणारा व्रण किंवा चट्टा आहे का, हे प्रश्न आहेतच.

परत कधी यायचे आणि तारखेची वाट न पाहता कधी यायचे

‘दुखले की येतो’ हे सर्वांत धोक्याचे उत्तर आहे, कारण सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. तपासणी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, जोखीम जास्त असेल तर त्याहून लवकर, आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे करावी लागते. तोंडात नुसते पाहून काय कळणार, असे वाटत असेल तर केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील प्रयोग लक्षात घ्यावा. १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी तिथे घरोघरी जाऊन लोकांची तोंडे उजेडात पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

घरी महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, ओठ, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहावा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढऱ्या चट्ट्यात नव्याने दिसणारा लाल भाग, बोटाला लागणारा कडकपणा, विनाकारण रक्त, एखादा भाग बधिर होणे, अचानक हलू लागलेला दात, गिळताना अडथळा किंवा मानेत गाठ, यांपैकी काही आढळले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. कुठे जायचे हा प्रश्न उरतो. जवळचा दंतवैद्य हे पहिले ठिकाण. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तोंडाच्या आजारांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि तुकड्याच्या अहवालात कर्करोग आला तर कर्करोग रुग्णालयात पाठवले जाते. कोणाकडून कोणाकडे आणि का पाठवले जात आहे, हे चिठ्ठीवर मराठीत लिहिले, तर वाटेत गळणारे रुग्ण कमी होतील.

मावसभावाला अखेर दुसऱ्या एका डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी त्याला पट्टी दाखवून २२ मिलिमीटर म्हणजे किती ते समजावले, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम शिकवला, गालातल्या इंजेक्शनांनी काय साधेल आणि काय साधणार नाही ते सांगितले आणि ठेचा काही काळ बंद ठेवायला सांगितला. पुढच्या वेळी बायकोला सोबत आणा, असेही त्या म्हणाल्या. आता त्याच्याकडे एक वही आहे. तीत तारीख, मिलिमीटर आणि किती काड्या गेल्या, असे तीन रकाने त्याने आखले आहेत. शेवटची नोंद २७ ची आहे आणि तिच्या खाली पुढच्या भेटीत विचारायचा प्रश्न लिहिला आहे : ‘खर्रा सोडून वर्ष झाले. व्यायाम अजून किती दिवस करायचा, आणि डाव्या गालावरचा पट्टा उजव्यापेक्षा जाड का लागतो?’